घरचे ध्वनिमुद्रण आणि महाग प्रीॲम्प



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला आमंत्रण दिले तेव्हा मी कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलावे अशी त्यांची स्वाभाविक अपेक्षा होती. मी त्यांना म्हटले की, त्या विषयावर मी कारखान्यांच्या फाटकांवर बारा महिने बोलत असतो, आणि माझा आवाज असा बसका झाला आहे तो त्यामुळेच. एक दिवस मला दुसरे काही बोलू द्या. मग मी विषय कळवला. दुसऱ्याच दिवशी चिटणिसांचा फोन आला, “प्रीॲम्प म्हणजे नक्की काय, आणि तो शब्द छापायचा कसा?” छापण्याचे काम त्यांनी बरोबर केले आहे. तो म्हणजे काय आणि त्याच्यावर एक संध्याकाळ का खर्चायची, हे सांगण्याची जबाबदारी आता माझी.

मी इंजिनिअर नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, तेव्हा मी नववीत होतो. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही असे लोक म्हणतात. माझी शाळा मात्र रीतसर सुटली. एका रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात झाडू मारता मारता सोल्डर मारायला शिकलो, मग ठाण्याच्या बाजूला एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो, आणि तेथून युनियनच्या कामात पडलो तो आजतागायत. लॉगॅरिथम म्हणजे काय, हे मला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी सार्वजनिक ग्रंथालयातल्या एका पाने सुटलेल्या पुस्तकाने शिकवले. तेव्हा आज मी जे गणित सांगणार आहे ते त्या पुस्तकाच्या आधाराने सांगतो आहे. त्यात विद्वत्ता शोधू नये, चूक मात्र जरूर शोधावी.

काही वर्षांपूर्वी आमच्या कार्यकारिणीने ठरवले की, निवृत्त कामगारांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जतन करून ठेवायच्या. २००४ साली मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडी आठवणींचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो वाचल्यापासून मला वाटत होते की पुस्तकात शब्द उतरतो, पण माणूस कोठे थांबला, कोठे हसला आणि कोठे त्याचा श्वास अडखळला, ते कागदावर राहत नाही. आम्ही लॅमिंग्टन रोडवरून एक साधा माइक आणि संगणकाला जोडायची एक अकरा हजारांची पेटी आणली. तिला बाजारात ऑडिओ इंटरफेस म्हणतात. काम माझ्याकडे आले, कारण सोल्डर मारता येणारा कार्यकारिणीत मीच एकटा होतो.

पहिल्याच महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली. कार्डिंग खात्यात तीस वर्षे कापसाची धूळ खाल्लेले एक वृद्ध गृहस्थ होते. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणत असू. कापसाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होतात, त्या रोगाला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात; तो त्यांना होता, आणि त्यामुळे त्यांचा आवाज कुजबुजण्याच्या थोडाच वर होता. मे महिना, दुपारची वेळ. मी माइक टेबलावर ठेवला, ते पलीकडे पलंगावर टेकून बसले. डोक्यावर पंखा, आत कुकर, खाली रस्ता. पेटीवरचे बटण मी शेवटपर्यंत फिरवले आणि दोन तास भारावून ऐकत बसलो. संपाच्या नवव्या महिन्यात घरातली तांब्यापितळेची भांडी बाजारात न्यायला ते कसे निघाले, आणि जिन्यात शेजारी भेटला तेव्हा पिशवी पाठीमागे कशी लपवली, ते त्यांनी मला त्या दुपारी सांगितले. रात्री घरी येऊन ऐकले तो पंखा अगदी स्वच्छ ऐकू येत होता. अण्णा त्याच्या पलीकडे कोठेतरी होते.

पावसाळा संपल्यावर पुन्हा जाऊ असे ठरवले. अण्णा ऑगस्टात गेले. त्यांच्या सुनेने ते ध्वनिमुद्रण मागितले, मी दिले. दोन दिवसांनी तिचा फोन आला, “दादा, अण्णांचा आवाज फार लांबून येतोय हो.”

मी एका जाणकाराला जाऊन विचारले. त्याने माझी पेटी पाहिली आणि म्हणाला, “ह्यातला प्रीॲम्प हलका आहे. चांगला घ्या, आवाज अंगावर येईल.” त्याने सांगितलेली वस्तू एक लाख वीस हजारांची होती. मला ते तत्काळ पटले. पश्चात्ताप झालेल्या माणसाइतके सोपे गिऱ्हाईक दुसरे नाही. मी ठराव लिहूनच कार्यकारिणीत नेला.

आमच्या खजिनदार बाई एका औषध कारखान्याच्या पॅकिंग खात्यात वीस वर्षे उभ्याने काम केलेल्या आहेत. त्यांनी ठराव वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “भाऊ, वर्गणी महिन्याला पन्नास रुपये. म्हणजे ही दोनशे माणसांची वर्षाची वर्गणी झाली. मी नाही म्हणत नाही. ह्या पेटीने अण्णांचा आवाज जवळ आला असता का, एवढेच सांगा.” मी ‘आला असता’ म्हणणार होतो, पण ‘कसा?’ असा पुढचा प्रश्न आला असता तर माझ्याकडे उत्तर नव्हते. मी दोन महिन्यांची मुदत मागितली. त्या दोन महिन्यांत मी काय पाहिले, तो आजचा विषय.

आता प्रीॲम्प म्हणजे काय ते पाहू. माझ्यासमोर हा जो माइक आहे त्याच्या आत एक पातळ पडदा आणि त्याला चिकटलेले तारेचे लहानसे वेटोळे लोहचुंबकात हलते. मी बोलतो, पडदा थरथरतो, तारेत वीज उत्पन्न होते. किती? शुअर कंपनीचा एसएम ५८ हा १९६६ पासून चालत आलेला, सभासंमेलनांत सर्वत्र दिसणारा माइक घ्या. वीतभर अंतरावरून साधे बोलले तर त्यातून साधारण व्होल्टचा दहाहजारावा भाग मिळतो. बॅटरीच्या एका सेलचा दाब दीड व्होल्ट. म्हणजे त्याच्या पंधरा हजारांत एक. एवढ्याशा विजेने पुढचे कोणतेच यंत्र हलत नाही. ती आधी शेकडो पटींनी, कधी हजार पटींनी वाढवावी लागते. हे पहिले वाढवण्याचे काम जो करतो तो प्रीॲम्प. तो तुमच्या मोबाइलमध्ये आहे, आमच्या अकरा हजारांच्या पेटीत आहे आणि लाखाच्या पेटीत तर दुसरे काही नाहीच. तेव्हा प्रीॲम्प हवा की नको हा प्रश्नच नाही. महागाने फरक पडतो का, हा प्रश्न आहे.

ध्वनिमुद्रणाच्या आरंभी तो नव्हताच. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गेसबर्ग नावाचा गृहस्थ कलकत्त्यात आला आणि हॉटेलातल्या खोलीत त्याने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. वीज नाही, माइक नाही. पत्र्याच्या कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि त्या जोराने सुईने मेणावर रेघ ओढायची. तबकड्या जर्मनीत हानोव्हरला तयार होत, म्हणून बाईंनी शेवटी आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगितले आहे. तिकडच्या कामगाराला कोण गाते ते कळावे म्हणून. त्या तबकडीत खरखर पुष्कळ आहे. परंतु बाई लांबून गात आहेत असे मात्र कोणी म्हणत नाही, कारण त्या कर्ण्याला खेटून उभ्या होत्या. ही गोष्ट मी तेव्हा नुसती वाचली होती. तिचा अर्थ पुढे कळला.

१९२५ च्या सुमारास विजेवरचे ध्वनिमुद्रण आले, माइक आला आणि त्याच्या पाठोपाठ प्रीॲम्प आला. पुष्कळ वर्षे तो वेगळा विकत घ्यायची वस्तू नव्हता. स्टुडिओतल्या भल्या मोठ्या कन्सोलचा तो एक अवयव असे. इंग्लंडमध्ये रूपर्ट निव्ह नावाचा विलक्षण कारागीर होऊन गेला. १९२६ साली जन्मला, २०२१ साली वारला. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओच्या कन्सोलसाठी त्याने १९७० साली १०७३ या क्रमांकाचा खण तयार केला. आज जगात ज्या प्रीॲम्पची सर्वांत अधिक नक्कल होते तो हाच. पुढे जुने कन्सोल मोडीत निघू लागले तेव्हा लोकांनी त्यांतले खण सुटे काढले, पेटीत बसवले आणि विकले. त्यातून सुट्या प्रीॲम्पचा बाजार वाढला. गिरण्यांचे साचे भंगारात तोडताना ज्याने पाहिले आहेत त्याला हे चित्र ओळखीचे वाटेल. फरक इतकाच की आमच्या साच्यांचे तुकडे कोणी दिवाणखान्यात मांडले नाहीत.

आता महाग प्रीॲम्पचा पहिला दावा असा की, तो स्वतःची खरखर कमी करतो. हा दावा तपासता येतो, कारण ह्याला निसर्गाने एक तळ घालून दिला आहे. १९२८ साली अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन याने दाखवून दिले, आणि हॅरी नायक्विस्ट याने त्याचे गणित मांडले, की कोणत्याही वाहकात, केवळ तो ऊबदार आहे एवढ्याच कारणाने, विजेची बारीक खळबळ चालूच असते. हे दोघेही मूळचे स्वीडनचे, पोटापाण्यासाठी अमेरिकेत आलेले. हा आपला माझा एक अवांतर आनंद. असो. माइकच्या आतल्या तारेलाही हा नियम लागू आहे. साध्या माइकच्या तारेची ही खळबळ मापली तर ती ध्वनिशास्त्रातल्या एका मापाने उणे १३१ डेसिबेल येते. देवाने जरी प्रीॲम्प केला तरी ह्याच्या खाली जाता येत नाही. आणि आमच्या अकरा हजारांच्या पेटीच्या जातीतल्या यंत्रांचा आकडा काय? उणे १२८ च्या आसपास. म्हणजे आमची पेटी आणि परमेश्वराची पेटी यांत अंतर तीन डेसिबेलांचे. लाख रुपये त्या तीनातले एक-दोन विकत घेतात.

हे असे का झाले? कारण हल्ली नखाएवढ्या एका चिपमध्ये हे काम होते. पन्नास वर्षांपूर्वी उत्तम ट्रान्झिस्टर निवडून, हाताने ट्रान्स्फॉर्मर गुंडाळून जे साधावे लागे ते ह्या चिपा काही शे रुपयांत साधतात. निव्हच्या काळी महाग आणि स्वस्त यांत खरोखर जमीन-अस्मानाचे अंतर होते. ती कीर्ती त्या काळातली खरी आहे. आपण ती आजच्या भावाने विकत घेतो.

पण तीन डेसिबेल म्हणजे तरी किती? येथे मला माझ्या फाटक्या पुस्तकाचा उपयोग झाला. प्रीॲम्पची खरखर आपण खोलीतल्या आवाजाच्या मापात बदलून घेऊ. एसएम ५८ सारखा माइक आणि उणे १२८ ची पेटी असेल तर ती खरखर १८ डेसिबेलांच्या आवाजाएवढी भरते. जवळजवळ आदर्श अशी महागडी पेटी घेतली तर १६. आता आमच्या कचेरीत रात्री दहानंतर, पंखा बंद करून, मी मोबाइलवरच्या मापकाने मोजले. तो ढोबळ असतो, तरी तो ४० च्या खाली उतरला नाही. डेसिबेलांची बेरीज सरळ होत नाही. ४० आणि १८ मिळून ५८ होत नाहीत, ४०.०३ होतात. ४० आणि १६ मिळून ४०.०२ होतात. बंधुभगिनींनो, एक लाख वीस हजार रुपयांचा तो एक शतांश डेसिबेल! तो ऐकू येणारा कान अजून जन्माला आलेला नाही. आणि अण्णांच्या खोलीत पंखा चालू होता, तेथे हा शतांशही उरला नसता.

हे गणित मी खजिनदार बाईंना दाखवले. त्या म्हणाल्या, “कागदावर आमचा बोनसही नेहमी बरोबर असतो. ऐकून दाखवा.”

म्हणून ऐकण्याची परीक्षा घेतली. एका स्टुडिओतल्या ओळखीच्या तंत्रज्ञाने आपला महाग प्रीॲम्प दोन दिवस वापरायला दिला. आम्ही एकाच जातीचे दोन माइक चिकटपट्टीने एकमेकांना बांधले. एक आमच्या पेटीत, दुसरा महाग प्रीॲम्पमधून. समोर आमचा एक जुना कार्यकर्ता बसला आणि संपातल्या आठवणी सांगू लागला. अर्ध्यावर माइकांची अदलाबदल केली, म्हणजे दोष माइकचा की पेटीचा ही शंका राहू नये. मग संगणकावर दोन्हींचा जोर अगदी सारखा केला. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण दोन आवाजांत जो किंचित मोठा असतो तो माणसाला चांगला वाटतो. दुकानात महाग वस्तू ऐकवताना हे बटण कोठे असते त्याकडे लक्ष ठेवावे. बारा तुकडे कापले, नऊ जणांना बसवले, चिठ्ठ्या वाटल्या.

निकाल असा की, बरोबर उत्तरे निम्म्याच्या आसपास आली. नाणे उडवून आली असती तेवढीच. आमच्यातले एक जण भजनी मंडळात पेटी वाजवतात, त्यांच्या कानाचा आम्हा सर्वांना धाक. त्यांची बारातली पाच बरोबर आली. ते फार खट्टू झाले.

ह्यापुढे मी एक लबाडी केली, ती कबूल करतो. दुसऱ्या फेरीत प्रत्येक तुकड्यापूर्वी ‘हा महाग’, ‘हा स्वस्त’ असे सांगितले, पण उलटे सांगितले. आता सर्वांना फरक कळू लागला! महाग म्हणून ऐकवलेल्या स्वस्तात कोणाला गोडवा सापडला, कोणाला वजन, एकाने तर ‘आवाजाच्या मागे हवा आहे’ असे सांगितले. हसू नका, मीही आदल्या रात्री एकट्याने ऐकताना हेच अनुभवले होते, आणि मला तर काय कोठे जोडले आहे ते माहीत होते. खोटे कोणीच बोलत नव्हते. किंमत कानात शिरते आणि तेथे खरोखर ऐकू येते.

तिसरी फेरी मात्र वेगळी. पेटी आमचीच, माइक तोच. एकदा माइक माणसापासून दोन हातांवर, एकदा एका वितेवर. एकदा पंखा चालू, एकदा बंद. एकदा उघड्या भिंती, एकदा मागे आणि बाजूला दोरीवर गोधड्या टांगलेल्या. नऊच्या नऊ जणांनी सर्व वेळा बरोबर ओळखले. खजिनदार बाईंनी तर दुसऱ्या शब्दावरच हात वर केला.

आपल्या बापजाद्यांचे माप येथे नेमके उपयोगी पडते. एक हात म्हणजे दोन विती. अंतर निम्मे केले की माणसाचा थेट येणारा आवाज सहा डेसिबेलांनी वाढतो. दोन हातांवरून एका वितेवर माइक आणला, तर दोनदा निम्मे झाले. बारा डेसिबेल मिळाले, म्हणजे चौपट जोर. पंखा मात्र होता तेथेच राहतो, रस्ता होता तेथेच राहतो, भिंतीवरून परतणारा आवाज होता तेवढाच राहतो. निसर्गाने सगळ्यांत महाग पेटीला तीन डेसिबेलांची मर्यादा घातली आहे आणि माइक उचलून पुढे सरकवणाऱ्या हाताला बारा दिले आहेत. गौहर जान कर्ण्याला खेटून का गायल्या, तेही मला तेव्हा उमजले. आताही पाहा, मी ह्या माइकपासून थोडा मागे सरतो... मागच्या रांगेतल्या मंडळींना कळले असेल. तुमच्या सभागृहाचा प्रीॲम्प तोच आहे.

आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे. ती न सांगता बसलो तर वाटाघाटीत अर्धा कागद झाकून ठेवल्यासारखे होईल.

जेथे खोलीच खरोखर शांत आहे तेथे हे सारे गणित उलटते. चांगल्या स्टुडिओत खोलीचा आवाज पंधरा-वीस डेसिबेलांवर आणतात. तेथे प्रीॲम्पची १८ ची खरखर उघडी पडते. त्यात रिबन जातीचा, फार क्षीण वीज देणारा माइक असेल आणि समोर तंबोऱ्यासारखे नाजूक वाद्य असेल, तर एकेका डेसिबेलाला मोल येते. तेथे पैसे घालणारा मूर्ख नव्हे. शिवाय स्वस्ताच्याही खाली एक पायरी आहे. जुन्या, हलक्या मिक्सरांत किंवा लॅपटॉपच्या स्वतःच्या माइक-भोकात खरखर इतकी असते की ती कोणत्याही खोलीत ऐकू यावी. तेथून आमच्या अकरा हजारांच्या पेटीपर्यंतची उडी खरी आहे, ती अवश्य मारावी. पहिले दहा हजार काम करतात. त्यांच्यानंतरच्या लाखाबद्दल मी बोलतो आहे.

आणि खुद्द निव्ह उतारवयात एक गोष्ट वारंवार सांगत असे. बीटल्सच्या तबकड्यांवर काम केलेला ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक याने एका नव्या कन्सोलच्या काही वाहिन्यांत काहीतरी खटकते अशी तक्रार केली. इतरांना काही ऐकू येईना. शोधता शोधता सापडले की, एका ट्रान्स्फॉर्मरच्या जोडणीत चूक होती आणि त्यामुळे ५४ हजार कंपनांच्या ठिकाणी तीन डेसिबेलांचा उंचवटा आला होता. माणसाचा कान वीस हजारांपर्यंतच ऐकतो असे पुस्तके सांगतात. ह्याचा उलगडा काय करायचा, यावर जाणकारांत वाद आहेत, त्यात मी पडत नाही. मी फक्त एवढेच पाहतो की, एमेरिक जेथे बसला होता तेथे पंखा नव्हता, कुकर नव्हता आणि त्याने आयुष्यात दुसरे काम केले नव्हते.

आवाजाला ‘रंग’ येतो, असेही म्हणतात. ते खोटे नाही. लोखंडी ट्रान्स्फॉर्मरमधून जोराचा आवाज लोटला की त्यात थोडी भर पडते, आणि ती भर गाण्याला शोभून दिसते. ज्याला ती हवी त्याने घ्यावी. ती आवडीची गोष्ट आहे, सुधारणेची नव्हे. कार्डिंग खात्यातल्या माणसाच्या श्वासाला रंग कशाला हवा?

आणखी एक सांगतो, कारण युनियनवाला असून मी महाग वस्तूंची टवाळी करतो असा समज व्हायला नको. हाताने गुंडाळलेल्या ट्रान्स्फॉर्मरच्या किमतीत कोणाची तरी मजुरी आहे. जाड पत्र्याची पेटी, वीस वर्षे न झिजणारी बटणे, रोज दहा तास चालणाऱ्या स्टुडिओला ती हवीतच, आणि ती करणाऱ्याला चांगला पगार मिळालाच पाहिजे. माझे भांडण जाहिरातीशी आहे. ती स्टुडिओचे यंत्र दाखवते आणि दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या पोराला हप्त्यावर विकते. आमच्या एका कंत्राटी कामगाराच्या मुलाने पोवाडे मुद्रित करण्यासाठी असे यंत्र हप्त्यावर घेतले. आवाज पहाडी, शब्द चांगले, आणि मुद्रण ऐकले तर न्हाणीघरात गातो आहे असे वाटावे, कारण खोली उघडी, भिंती गुळगुळीत, फरशी मोझेकची. मी त्याला कपड्यांचे कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून गायला लावले. साड्या आवाज खातात, परत फेकत नाहीत. हप्ते मात्र त्याला अजून अकरा महिने आहेत.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. ज्यांना आपल्या घरच्या म्हाताऱ्यांचा आवाज ठेवायचा असेल त्यांना ते उपयोगी पडेल. आम्ही सकाळी लवकर जातो, रस्ता जागा व्हायच्या आत. घरातल्या माउलीला आधी विनंती करतो की कुकर आपण गेल्यावर लावा. फ्रिज बंद करतो, आणि माझ्या मोटारसायकलची किल्ली त्याच फ्रिजमध्ये ठेवतो, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय मला निघताच येत नाही. एकदा एका घरचे दूध नासले होते, तेव्हापासून ही सवय. पंखा बंद करतो, पण वृद्ध माणसाला उकाड्यात डांबून ठेवायचे नाही. पंधरा मिनिटे बोलणे, मग पंखा लावून पाणी पिणे, मग पुन्हा. पाठीमागे दोन गोधड्या. माइक हनुवटीच्या किंचित खाली, बाजूला, वितेवर. अगदी तोंडासमोर धरला तर प आणि फ धडकतात. बटण मध्यावर ठेवतो, शेवटपर्यंत फिरवत नाही. हल्लीच्या २४ बिटांच्या मुद्रणात आवाज मागाहून वाढवायला भरपूर जागा असते, पण एकदा फाटला की शिवता येत नाही.

आणि कानांवर हेडफोन. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसलो की मेंदू पंखा आपोआप गाळून टाकतो. माइक तो गाळत नाही. अण्णांच्या घरी मी हेडफोन लावले नव्हते. पिशवीत होते. समोर माणूस बोलत असताना कान झाकणे मला उद्धटपणाचे वाटले. लावले असते तर पहिल्या मिनिटाला मला पंखा ऐकू आला असता, मी उठलो असतो, खुर्ची पलंगाजवळ ओढली असती आणि माइक हातात धरून बसलो असतो. यात खर्च काहीच नव्हता.

दोन महिन्यांनी मी कार्यकारिणीपुढे आलो आणि माझा ठराव मागे घेतला. खजिनदार बाईंनी इतिवृत्तात तसे लिहून घेतले, पुढच्या बैठकीत वाचूनही दाखवले. मंजूर झाले ते असे: एक चांगला बंद हेडफोन, एक स्टँड, एक जादा माइक, प्रत्येक मुद्रणाच्या दोन प्रती ठेवायला दोन हार्ड डिस्क, आणि उरलेले सारे पैसे एसटीच्या भाड्यासाठी. कारण आमचे पुष्कळ निवृत्त लोक मुंबईत नाहीत. खोल्या विकून कोकणात आणि साताऱ्याकडे गावी गेले आहेत. तिकडे खोल्या शांत आहेत. कोंबडा आरवतो, तेवढा राहू देतो.

अण्णांचे मुद्रण आहे तसेच आहे. संगणकावर पंख्याचा आवाज कमी करण्याचे प्रयत्न मी पुष्कळ केले. पंखा कमी होतो, पण त्याच्याबरोबर अण्णांचे स आणि श जातात आणि ते पाण्याखालून बोलल्यासारखे वाटतात. तेव्हा मूळ प्रत जपली आहे, आणि भांड्यांच्या पिशवीचा प्रसंग मला जेवढा आठवला तेवढा कागदावर उतरवून तिच्यासोबत ठेवला आहे.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे, म्हणून आता थांबतो. आमच्या परीक्षेतले बारा तुकडे मी सोबत आणले आहेत. बाहेर व्हरांड्यात टेबलावर यंत्र आणि हेडफोन मांडले आहेत, शेजारी कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिल आहे. ज्यांना ऐकायचे असेल त्यांनी ऐकावे, महाग कोणता आणि स्वस्त कोणता ते लिहून चिठ्ठी डब्यात टाकावी. उत्तरांचा कागद खजिनदार बाईंच्या पर्समध्ये आहे. त्या पुढच्या रांगेत बसल्या आहेत, आणि सर्व चिठ्ठ्या पडल्याशिवाय तो त्या मलाही दाखवणार नाहीत.